घाबरवायला गेले, हसवून आले

१९५१ साली लॉस एंजेलिसच्या बालन्यायालयातले न्यायाधीश विल्यम मकेसन स्वतःच्याच भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. फिल्मचं नाव होतं ‘द टेरिबल ट्रुथ’. लांबी जेमतेम दहा मिनिटं, पण शाळेत दाखवायच्या फिल्मसाठी त्या काळात चैनच म्हणावी अशी, चक्क रंगीत. गोष्ट फिलिस नावाच्या मुलीची. मित्रमैत्रिणींच्या नादाने ती गांजाची सिगरेट ओढते, गांजावरून हेरॉइनवर जाते आणि तिथून थेट गजाआड. एवढ्या घसरणीला दहा मिनिटं पुरतात. मध्येच न्यायाधीश महाशय हेही सुचवून जातात की, अमेरिकेचं मनोधैर्य खच्ची करायला कम्युनिस्टच हा माल पसरवत आहेत, असं काही लोकांचं म्हणणं आहे. पुरावा वगैरे भानगड नाही. अंधार केलेल्या वर्गात पुरावा मागणार कोण?

ही फिल्म काढणारे सिड डेव्हिस म्हणजे एक वल्लीच. पडद्यावरचा काउबॉय जॉन वेन याच्या जागी, प्रकाशयोजना जुळवली जात असताना, उभं राहण्याचं काम ते करायचे. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका सहा वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि डेव्हिस हादरले; त्यांच्याही घरी लहान मुलगी होती. अनोळखी माणसापासून मुलांना सावध करणारी फिल्म काढावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. वेनने हजार डॉलर उसने दिले आणि ‘द डेंजरस स्ट्रेंजर’ तयार झाली. पुढे डेव्हिस यांनी दीडशेहून अधिक बोधपट काढले, तेही कमालीच्या काटकसरीत. शाळा सोडा, उनाडक्या करा, पहिला झुरका घ्या, काहीही करा. शेवट ठरलेला असायचा, सत्यानाश. त्या माणसाच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. मुलं वाचावीत असं त्याला मनापासून वाटत होतं. या सगळ्या प्रकरणातली अडचण तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना शिकवण्यासाठी फिल्म्सचा सढळ वापर केला होता. युद्ध संपलं आणि सोळा मिलिमीटरचे प्रोजेक्टर शाळाशाळांत पोचले. दात कसे घासावेत, मुलीला फिरायला चल असं कसं विचारावं, अणुबाँब पडला तर बाकाखाली कसं दडावं, सगळ्यावर फिल्म निघू लागली. अमली पदार्थ त्यातून सुटणं शक्यच नव्हतं. ‘द टेरिबल ट्रुथ’च्याच साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या फिल्म विभागाने ‘ड्रग ॲडिक्शन’ काढली. ज्ञानकोशाचं नाव पाठीशी असलेल्या या फिल्ममधला एक प्रसंग आजही चवीने सांगितला जातो. गांजा ओढलेला मुलगा शीतपेयाची बाटली फोडतो, तिच्या धारदार फुटक्या तोंडातूनच पेय पितो, ओठातून रक्त येतं आणि तो व त्याचे मित्र खो खो हसत राहतात.

पाहणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी कधी गांजा पाहिलाच नव्हता, त्यांच्या अंगावर काटा आला असेल. पण ज्याचा थोरला भाऊ शनिवारी रात्री दोन झुरके मारून, भरपूर खाऊन, शांतपणे झोपून जायचा, त्या मुलाने काय निष्कर्ष काढला असेल? हे लोक थापा मारतात. आणि जे गांजाबद्दल थापा मारतात, ते हेरॉइनबद्दल तरी खरं कशावरून सांगत असतील?

या बोधपटांचं अपयश नेमकं इथे आहे. ते भीती दाखवतात ही तक्रार तितकीशी खरी नाही, कारण हेरॉइनची भीती वाटायलाच हवी. तक्रार आहे ती पडताळून पाहता येण्याजोग्या गोष्टीत खोटं बोलण्याची. पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं खोटं पकडण्याइतका आनंद दुसऱ्या कशातच नसतो. एक थाप सापडली की तो सगळा धडाच फेकून देतो, खऱ्या भागासकट.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे सर्वेसर्वा हॅरी अँस्लिंगर यांचा शाळेतल्या असल्या शिक्षणालाच विरोध होता. १९३० पासून १९६२ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. मुलांना सांगायला गेलात तर त्यांचं कुतूहल चाळवेल, असं त्यांचं मत. १९४८ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळासाठी रॉबर्ट अँडरसन या दिग्दर्शकाने ‘ड्रग ॲडिक्ट’ नावाचा माहितीपट केला. त्यात व्यसनी माणूस हा मुळात आजारी माणूस आहे, असं शांतपणे मांडलं होतं. अँस्लिंगर भडकले आणि तो माहितीपट अमेरिकेत दाखवला जाणार नाही अशी तजवीज त्यांनी केली. कुतूहलाची काळजी करणाऱ्या याच गृहस्थांनी १९३७ मध्ये एका लोकप्रिय मासिकात ‘तरुणाईचा मारेकरी’ अशा धाटणीच्या मथळ्याखाली गांजाबद्दल रक्तरंजित कहाण्या लिहिल्या होत्या. म्हणजे शांत, खरा माहितीपट धोकादायक आणि भडक लेख देशहिताचा. सरकारी खात्यांचं हे तर्कशास्त्र फक्त अमेरिकेतच सापडतं असं मानायचं काही कारण नाही.

साठच्या दशकात कॉलेजांमधून एलएसडी आणि गांजा पसरला तेव्हा या फिल्म्सचं पेव फुटलं. १९६८ च्या ‘मारिजुआना’ या फिल्मसाठी निर्मात्याने सनी बोनो या गायकाला गाठलं. शेर या गायिकेचा तो नवरा आणि जोडीदार. तरुण पोरं त्याचं ऐकतील हा हिशेब. अंगात चकाकता सोनेरी पोशाख, डोळे अर्धवट मिटलेले, आवाज जडावलेला, अशा अवतारात तो गांजाचे तोटे समजावून सांगतो. फिल्म पाहणाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो त्याच्याबद्दलच: हाच नशेत आहे की काय? आश्चर्य म्हणजे फिल्ममधले युक्तिवाद तुलनेने बरेच समंजस आहेत. मुलांचे आक्षेप तीत मांडलेले आहेत, दारूशी तुलनाही आहे. पण गांजा ओढलेला मुलगा आरशात पाहतो तेव्हा त्याला रबरी राक्षसाचा मुखवटा दिसतो आणि वर्गातला हशा मग काही आवरत नाही.

बोनोची पुढची कहाणी कुठल्याच बोधपटाला सुचली नसती. तो पाम स्प्रिंग्ज शहराचा महापौर झाला, अमेरिकी संसदेत निवडून गेला आणि १९९८ च्या जानेवारीत बर्फावर स्कीइंग करताना झाडावर आदळून गेला. त्याच्या शेवटच्या पत्नीने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या तो मोठ्या प्रमाणात घेत असे. शाळेतल्या फिल्म्समधला खलनायक नेहमी गल्लीच्या कोपऱ्यावर उभा असलेला अनोळखी इसम असायचा. डॉक्टरची चिठ्ठी त्या चौकटीत कुठेच नव्हती. आणि १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकाँटिन या वेदनाशामक गोळीपासून सुरू झालेली अमेरिकेतली ओपिऑइडची साथ नेमकी त्या चिठ्ठीतून आली. पुढे हेरॉइन, त्यानंतर फेंटानिल. २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने त्या देशात एका वर्षात लाखाहून अधिक माणसं मेली.

पण साठच्या दशकातला कळस गाठला तो विमानं बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीने. तिच्या १९६९ च्या ‘केस स्टडी: एलएसडी’ या चार-एक मिनिटांच्या फिल्ममध्ये एक तरुणी एलएसडी घेऊन हॉट डॉग खायला जाते. हॉट डॉगला तोंड फुटतं आणि तो गयावया करू लागतो: खाऊ नकोस, घरी बायको आहे, सात पोरं आहेत. ती चावा घेते, तो किंचाळतो. एलएसडी घेतलेल्या माणसाला भास होतात, त्यातले काही भयानक असतात, हे शंभर टक्के खरं. तरीही ही फिल्म पाहून कोणी एलएसडीपासून दूर राहिलं असेल असं वाटत नाही. हॉट डॉगपासून राहिलं असेल कदाचित.

विनोद इथपर्यंत. कारण याच काळात भल्या हेतूने रचलेली एक थाप सरकारी कचेरीतूनही निघाली. १९६८ च्या जानेवारीत पेनसिल्वेनिया राज्याच्या अंधकल्याण विभागाचे आयुक्त नॉर्मन योडर यांनी सांगितलं की, एलएसडी घेऊन सूर्याकडे टक लावून बसलेले सहा कॉलेजकुमार कायमचे आंधळे झाले. बातमी देशभर पसरली. राज्यपाल रेमंड शेफर यांनी सुरुवातीला तिला दुजोरा दिला आणि चौकशीनंतर काही दिवसांतच त्यांना जाहीर करावं लागलं की, हे सगळं योडर यांनी रचलेलं आहे, मुलांच्या काळजीपोटी. साधारण त्याच सुमाराला एलएसडीमुळे गुणसूत्रं तुटतात आणि पुढची पिढी व्यंग घेऊन जन्मते, हा धाकही फिल्म्समधून घातला जात होता. त्यामागे १९६७ चा एक प्रयोगशाळेतला अभ्यास होता. पण १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा आला आणि शुद्ध एलएसडीच्या माफक मात्रेबाबत तो दावा टिकला नाही. फिल्मची रिळं मात्र शाळांच्या कपाटात तशीच राहिली. शास्त्रज्ञ मत बदलतात. रीळ बदलायला पैसे लागतात.

हेच शेफर पुढे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नेमलेल्या गांजा व अमली पदार्थ आयोगाचे अध्यक्ष झाले. सहा आंधळ्या मुलांची कहाणी त्यांच्या डोक्यातून गेली नसावी असं मानायला जागा आहे. आयोगाच्या १९७२ च्या अहवालाने स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्यांवर फौजदारी कारवाई नको असं म्हटलं, आणि निक्सन यांनी तो बाजूला सारला. पुढच्या वर्षीचा दुसरा अहवाल फारसा चर्चेत आला नाही, पण या विषयात तोच जास्त महत्त्वाचा. शाळांतले अमली पदार्थविषयक शिक्षणाचे कार्यक्रम उपयोगी पडतात की उलटे अंगावर येतात, हेच कुणाला ठाऊक नाही. तेव्हा ते तूर्त थांबवा, अशी शिफारस त्यात होती. केंद्र सरकारनेही त्या वर्षी नवं प्रचारसाहित्य काढणं काही काळ थांबवलं. त्याआधी तज्ज्ञांच्या एका राष्ट्रीय परिषदेने दोनशेहून अधिक फिल्म्स तपासल्या होत्या. शास्त्राच्या कसोटीवर निखळपणे उतरलेल्यांची संख्या अगदीच थोडी निघाली.

त्याच १९७२ मध्ये एक सूड उगवला गेला. १९३६ साली पालकांना जागं करण्यासाठी निघालेली ‘रीफर मॅडनेस’ ही कथात्म फिल्म विस्मरणात गेली होती. गांजाच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून झटणाऱ्या संघटनेचे संस्थापक कीथ स्ट्रूप यांना तिची प्रत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. त्यांनी ती २९७ डॉलरना घेतली आणि कॉलेजांमध्ये दाखवायला सुरुवात केली. पोरं गांजा ओढत ती पाहायची आणि हसून लोळायची. व्यसनाविरुद्ध काढलेली फिल्म गांजाच्या बाजूच्या चळवळीला निधी मिळवून देऊ लागली.

यातून धडा घेतला गेला का? १९९८ पासून अमेरिकी संसदेने दिलेल्या पैशांतून मुलांसाठी अमली पदार्थविरोधी जाहिरातींची प्रचंड मोहीम चालली. सहा वर्षांत शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च झाला. सरकारनेच नेमलेल्या संशोधकांनी तिचं मूल्यमापन केलं तेव्हा गांजाचा वापर घटल्याचं दिसलं नाहीच. उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांच्या मनात गांजाविरुद्धची भावना पुढे सैल पडल्याच्या खुणा मिळाल्या. त्याचं एक स्पष्टीकरण साधं आहे. रोज टीव्हीवर ‘गांजा ओढू नका’ ऐकणारा मुलगा मनात म्हणतो, अरेच्चा, म्हणजे सगळेच ओढताहेत की!

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला सिनेमागृहातली एक जाहिरात आठवल्याशिवाय राहणार नाही. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेल्या तरुणाची ती जाहिरात २०१२ च्या ऑक्टोबरपासून देशभर दाखवली गेली. मुंबईच्या टाटा रुग्णालयात चित्रित झालेला तो तरुण खरा होता, त्याचं दुखणं खरं होतं, तो चोवीस वर्षांचा होता आणि जाहिरात लोकांसमोर येण्याआधीच तो गेला होता. तरीही काही महिन्यांत त्याच्या नावावरून विनोद फिरू लागले, थिएटरात पॉपकॉर्न चघळत पोरं त्याच्या वाक्यांची नक्कल करू लागली. मग खरं सांगूनही उपयोग नाही असं म्हणायचं का?

इतकं सरळ नाही ते. देशातल्या प्रौढांमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होतं, ते २०१६-१७ च्या पाहणीत २८.६ टक्क्यांवर आलं. त्यात त्या जाहिरातीचा वाटा किती, करवाढीचा किती, महाराष्ट्रासारख्या राज्यांतल्या गुटखाबंदीचा किती आणि पाकिटावरच्या चित्रांचा किती, हे सुटं करून सांगणं अवघड आहे. पण एक फरक ठळक आहे. टाटामधल्या त्या तरुणावर लोक हसले ते तीच गोष्ट प्रेक्षकांना बांधून घालून शंभरदा दाखवल्यामुळे. तो खोटं बोलतो असं कोणी म्हटलं नाही. फिलिसच्या बाबतीत वर्ग हसला तो तिच्यावर विश्वास न बसल्यामुळे. पहिलं हसू निगरगट्टपणाचं आहे आणि ते चीड आणतं. दुसरं मात्र मुलांनी केलेली रास्त टीका आहे.

खरं कसं सांगावं याचं उदाहरण शोधायला मराठी माणसाने फार लांब जायला नको. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे हेरॉइनची भुकटी, शिरली. चाळीतली, वाड्यातली, चांगल्या घरातली पोरं पन्नीवर पावडर तापवून धूर ओढू लागली आणि घरातली भांडी विकू लागली. पोलिसांना, शाळांना, घरच्यांना काय चाललंय ते उमगत नव्हतं. लेखक अनिल अवचट त्या मुलांजवळ जाऊन बसले. पहिल्यांदा कोणी दिली, किती दिवसांत रोजची झाली, मिळाली नाही की अंग कसं मोडून येतं, आईच्या पाकिटातले पैसे घेताना काय वाटतं, हे त्यांनी त्या मुलांकडून ऐकून घेतलं आणि ते लेखांतून मांडलं. पुढे ‘गर्द’ हे पुस्तक आलं. त्यात भीती आहे, भरपूर आहे. पण ती तपशिलातून येते. लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. नशेतून बाहेर पडलेली माणसंच तिथे नव्यांना सांभाळायला उभी राहिली. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आला. नशा सोडलेला माणूस नव्याला ‘पहिले चार दिवस फार वाईट जातील, मग झोप लागेल’ असं सांगतो, तेव्हा ऐकणारा विश्वास ठेवतो. कारण पाचव्या दिवशी ते पडताळून पाहता येतं.

आज शाळा-कॉलेजांत २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन साजरा होतो. प्रभातफेरी, रांगोळी, प्रतिज्ञा, एखादी चित्रफीत. त्या चित्रफितीत बहुधा सिरिंज असते, कवटी असते, काळोखी गल्ली असते आणि पार्श्वभूमीला कर्कश संगीत असतं. सिड डेव्हिस यांना ती सहज आपली वाटली असती. राज्यातला बाजार मात्र कधीचाच पुढे गेला आहे. मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या तोंडचं एमडी, २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतसुद्धा नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा माल सापडला कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, सांगलीजवळ कुपवाडमध्ये आणि दिल्लीत. काळोख्या गल्लीचा संबंध नव्हता. रीतसर शेड होती, यंत्रं होती. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाते ती झोपेची, चिंतेवरची औषधी गोळी, औषधाच्या दुकानातून वाट फुटलेली.

आणि सगळ्यात लहान मुलं जे हुंगतात, ते तर स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारू, गांजा, अफू, हेरॉइन, सगळ्यांत मोठ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त. अपवाद एकच: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन असल्या हुंगायच्या द्रव्यांचा. १० ते १७ वयाच्या मुलांत ते १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. जिथे मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकच पदार्थ, आणि बोधपटांमध्ये नेमकी त्याचीच पडद्यावर वर्णी लागत नाही. कदाचित व्हाइटनरची बाटली हवी तितकी भयानक दिसत नसेल.

नव्या चित्रफितींसाठी सरकारी पैसा निघणारच आहे, तेव्हा तो कशावर खर्च व्हावा याबद्दल बोलायला हरकत नाही. एमडी घेतल्यावर हृदयाचे ठोके कसे वाढतात, झोप कशी उडते, दोन-तीन रात्री जागल्यावर सगळे आपल्या मागावर आहेत असं का वाटू लागतं, हे एखादा डॉक्टर साध्या खोलीत बसून सांगू शकतो. पार्टीत मित्र कोसळला तर त्याला एकटं टाकून पळायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलं होतं ते डॉक्टरला खरं सांगायचं, यातून जीव वाचतो. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे, हेही सांगता येईल.

शिवाय एक गोष्ट आहे, जी पालकांनाच काय, बऱ्याच शिक्षकांनाही ठाऊक नसते. मुलगा व्यसनात आहे हे कळल्यावर घरचे गप्प बसतात ते पोलिसांच्या धाकाने. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ म्हणतं की, सेवनाच्या किंवा अगदी थोड्या प्रमाणात बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. भिंतीवरच्या फलकात कवटी आणि सिरिंज यांच्यासाठी जेवढी जागा ठेवलेली असते, तेवढ्यात हे कलम मोठ्या अक्षरांत सहज मावेल.